वाटणीच्या आधी राजमुकुट: क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये १०६६ साली मन्स्टरपासून सुरुवात

क्रुसेडर किंग्ज ३ या मध्ययुगीन घराणे चालवण्याच्या संगणकावरच्या खेळात डाव मांडताना आधी साल निवडावे लागते: ८६७, १०६६ किंवा २०२४ मध्ये भर पडलेले ११७८. ८६७ चा नकाशा विस्कळीत आणि मोकळा आहे. व्हायकिंग सगळीकडे उतरत असतात, बरीचशी राज्ये अजून जन्मायची असतात आणि टोळीपद्धतीच्या सत्तांना स्थिर व्हायलाच शे-दीडशे वर्षे लागतात. ११७८ मध्ये मोठ्या सत्ता आधीच पक्क्या झालेल्या आहेत. १०६६ या दोहोंच्या मधे बसते. सरंजामी व्यवस्था रुळलेली आहे, पण इंग्लंड, इटली, स्पेन, आयर्लंड आणि अनातोलिया यांपैकी कशाचाच निकाल लागलेला नाही. नव्या खेळाडूला शिकायला आणि जुन्याला पुन्हा पुन्हा खेळायला याहून चांगले साल या खेळात नाही.

डाव १५ सप्टेंबर १०६६ ला सुरू होतो. इतिहासात त्यानंतर दहा दिवसांनी, २५ सप्टेंबरला, स्टॅमफर्ड ब्रिजवर नॉर्वेचा राजा हॅरल्ड हार्द्रादा पडला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जवर इंग्लंडचा राजा हॅरल्ड गॉडविनसन. खेळात ही दोन्ही युद्धे चालू असतात, पण कोण जिंकेल ते ठरलेले नसते. म्हणजे पहिली काही वर्षे इंग्लंड स्वतःच्याच दुखण्यात गुंतलेले राहते. पश्चिमेच्या आयर्लंड बेटाला मिळालेली ही मोकळीक हेच तिथल्या मन्स्टरच्या डावाचे भांडवल आहे.

कोण हा मुर्चाद

मन्स्टरचा छोटा राजा मुर्चाद मॅक डोन्चाद हा ब्रायन बोरूचा नातू. ब्रायन १०१४ मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेला. त्याचा मुलगा डोन्चाद १०६३ मध्ये सत्तेवरून दूर झाला, यात्रेला रोमला गेला आणि १०६४ मध्ये तिथेच वारला. प्रत्यक्षात मन्स्टर मुर्चादच्या हाती लागले नाही. त्याचा चुलतभाऊ टॉर्डेल्बाख याने लेन्स्टर या दुसऱ्या आयरिश सत्तेचा राजा डिआर्माइट याच्या पाठबळावर ते घेतले आणि मुर्चाद १०६८ मध्ये मेला. खेळात गादीवर बसतो तो मुर्चाद, म्हणजे इतिहासात हरलेली बाजू आपल्या हाती येते.

हा डाव बुडतो तोही भाऊबंदकीनेच. शिकवणीसाठी खेळ हेच ठिकाण सुचवतो, म्हणून लोक ते सोपे समजतात. आजूबाजूचे शत्रू लहान आहेत, त्या अर्थाने ते सोपे आहेच. पण वीस वर्षे लढून अर्धे आयर्लंड मिळवायचे आणि राजा मेल्याच्या दिवशी ते तीन मुलांत फुटायचे, असा शेवट फार डावांचा होतो. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एकाच मुदतीला बांधलेली आहे: पहिला राजा मरण्याआधी आयर्लंडचा राजमुकुट तयार झाला पाहिजे.

वाटणीचा नियम आधी समजून घ्या

या काळातल्या बहुतेक सत्तांना कॉन्फेडरेट पार्टिशन हा वारसा कायदा लागू असतो. त्यात दोन गोष्टी होतात. एक, तुमच्या काउंट्या (लहान जहागिरी) आणि डच्या (काही काउंट्या मिळून होणारे प्रांत) मुलांमध्ये वाटल्या जातात. दोन, तुमच्या मुख्य पदाच्या दर्जाचे एखादे पद अस्तित्वात नसले, पण त्याच्या हद्दीतला पुरेसा भाग तुमच्याकडे असला, तर तुमच्या मृत्यूच्या क्षणी ते पद आपोआप तयार होते आणि धाकट्याच्या हाती जाते. लोक चकतात ते या दुसऱ्या भागात. ‘मी दुसरी डची तयारच केली नाही, मग वाटणी कसली?’ असे वाटत असताना खेळ ती डची स्वतः तयार करून देतो.

हा नियम मुख्य पदाच्या दर्जाला बांधलेला आहे. तुम्ही ड्यूक दर्जाचे असाल, तर धाकट्याला मिळालेली डची थोरल्याच्या बरोबरीची ठरते आणि धाकटा स्वतंत्र होतो. तुम्ही राजे असाल आणि तुमच्याकडे एकच राज्य असेल, तर धाकट्यांना डच्या आणि काउंट्या मिळतात, पण ते थोरल्याचे मांडलिक म्हणूनच राहतात. जमीन घरातून गेली तरी राज्याबाहेर जात नाही. मेहनत तीच, भूभाग तोच. फरक फक्त मरताना डोक्यावर मुकुट होता की नाही एवढाच. दोन राज्यांची हद्द हाती आली की हाच घोळ वरच्या पायरीवर पुन्हा सुरू होतो, पण त्याची चिंता दोन पिढ्यांनंतरची.

राज्याच्या खिडकीत वारसाचा भाग उघडला की ‘आज मेलो तर कोणाला काय मिळेल’ ते दिसते. प्रत्येक युद्धानंतर आणि प्रत्येक मुलाच्या जन्मानंतर ते पाहा. एक जिंकलेली काउंटी किंवा एक नवे बाळ सगळी मांडणी बदलू शकते.

घड्याळ सुरू करण्याआधी

खेळ थांबलेल्या अवस्थेत सुरू होतो. तो तसाच ठेवून पुढची कामे उरका.

राजा अविवाहित असेल तर आधी लग्न. इथे दोन ध्येये एकमेकांना छेदतात. एखाद्या सत्ताधीशाची मुलगी किंवा बहीण केली तर युती मिळते. आनुवंशिक गुण असलेली मुलगी केली तर पुढची पिढी सुधारते. बुद्धीच्या गुणाच्या तीन पायऱ्या आहेत: क्विक सर्व कौशल्यांत १ ने भर घालतो, इंटेलिजंट ३ ने आणि जीनियस ५ ने. मन्स्टरसाठी पहिल्या लग्नात युतीला थोडे झुकते माप द्यावे, कारण लेन्स्टर सोडले तर आयर्लंडमधला कोणताही शेजारी एकट्याने तुमच्यावर भारी नाही, पण दोघे-तिघे जुळले तर होतात. स्कॉटलंडचे घराणे किंवा वेल्समधली एखादी बऱ्यापैकी सत्ता चालेल. पार युरोपच्या टोकाचा मित्र कागदावर बलाढ्य दिसतो, पण त्याची फौज समुद्र ओलांडून पोहोचेपर्यंत युद्ध संपलेले असते. शिवाय मित्र हाक मारतो तेव्हा नाही म्हटले तर प्रतिष्ठा जाते. सतत लढणारा मित्र म्हणजे सतत येणारी बोलावणी, हे लक्षात ठेवूनच सोयरीक करा.

बायको तरुण केली तर मुले बरीच होतात आणि वाटणीत तोंडे वाढतात. खेळात स्त्रीला ४५ नंतर मूल होत नाही. म्हणून दोन मुलगे हाती असताना राजा विधुर झाला, तर दुसरे लग्न चांगल्या कौशल्याच्या वयस्क स्त्रीशी करावे. मंडळात तिचे कौशल्य उपयोगी पडते आणि वाटेकरी वाढत नाहीत.

मग मंडळ. चॅन्सेलर, स्टुअर्ड, मार्शल, स्पायमास्टर आणि धर्मगुरू या पाचही जागांवर त्या त्या कौशल्यात उत्तम माणूस हवा. पण बलवान मांडलिकाला जागा दिली नाही तर तो नाराज होतो, हेही बघा. दोन-तीन गुणांच्या फरकासाठी बलवान मांडलिक दुखावू नये. सुरुवातीची कामे अशी द्या: धर्मगुरूला शेजारच्या काउंटीवर हक्क तयार करण्याचे, स्टुअर्डला कर गोळा करण्याचे, मार्शलला फौज सुधारण्याचे, चॅन्सेलरला अंतर्गत संबंध सांभाळण्याचे. धर्मगुरूचे तुमच्याबद्दलचे मत चांगले हवे, कारण चर्चच्या जमिनीतून येणारा कर आणि शिपाई त्याच्या मर्जीवर कमी-जास्त होतात. तो नाराज असेल तर पहिली ‘स्वे’ची (मन वळवण्याची) मोहीम त्याच्यावरच चालवा. खर्च शून्य, फायदा दर महिन्याला.

राजाची जीवनशैली त्याच्या शिक्षणाशी जुळणारी घ्या, कारण त्या क्षेत्रात अनुभव लवकर साठतो. स्टुअर्डशिपचे शिक्षण असेल तर संपत्तीचा रोख घ्यावा, मुकुटासाठी लागणारे ५०० सोने जमवायला तो थेट मदत करतो. मार्शलचे (युद्धाचे) शिक्षण असेल तर स्ट्रॅटेजिस्टची वाट. लर्निंग असेल तर होल ऑफ बॉडीची वाट दुर्लक्षित राहते, पण या डावात ती सोन्यासारखी आहे. राजा पाच-सात वर्षे जास्त जगला तर मुकुटाची मुदत तेवढीच लांबते.

शेवटी सरदारांची यादी पाहा. लढाईत प्रत्येक सरदाराचा प्रॉवेसचा (हातघाईच्या कौशल्याचा) एक गुण १०० नुकसान देतो, तर एक लेव्ही (साधा भरतीचा) शिपाई फक्त १०. म्हणजे १५ प्रॉवेसचा एक सरदार हल्ल्यात दीडशे साध्या शिपायांच्या तोडीचा. छोट्या फौजांच्या आयर्लंडमध्ये दोन चांगले सरदार निकाल फिरवतात. दरबारात कोणी धट्टाकट्टा पाहुणा आला असेल तर त्याला ठेवून घ्या. आपला एकुलता एक वारस मात्र सरदारांच्या यादीतून काढा. तो मेला तर सगळे गणित नव्याने मांडावे लागते.

पहिली लढाई कोणाशी

नकाशावर डची दाखवणारा थर लावा. मन्स्टरच्या मूळ हद्दीतली, पण तुमच्या ताब्यात नसलेली काउंटी दिसली तर पहिले लक्ष्य तेच. डचीचे पद तुमच्याकडे असल्यामुळे तिथे डी ज्युर (मूळ हद्दीच्या हक्काचे) युद्ध करता येते. हक्क तयार करायला नको, फक्त प्रतिष्ठा खर्च होते. धर्मगुरूला अशा काउंटीवर कधीही बसवू नका. त्याची वर्षे हद्दीबाहेरच्या काउंट्यांसाठी राखून ठेवा.

हद्दीबाहेरचे लक्ष्य निवडताना तीन गोष्टी तपासा. त्याची फौज किती, त्याचे मित्र कोण आणि तो कोणाचा मांडलिक आहे का. युद्ध जाहीर करण्याच्या खिडकीत समोरची एकूण ताकद दिसते, पण त्यात मित्र येतील की नाही ते वेगळे पाहावे लागते. एकटा, बिनमित्राचा, एका काउंटीचा अर्ल हा आदर्श शत्रू. लेन्स्टरला मात्र शेवटी हात घाला. इतिहासातही डिआर्माइट त्या काळातला सर्वांत बलवान आयरिश राजा होता. त्याने १०५२ मध्ये डब्लिन घेतले होते आणि १०७२ मध्ये तो मरेपर्यंत त्याला आव्हान देणे सोपे नव्हते. खेळातही त्याचा मृत्यू आणि नंतरची वाटणी यांची वाट पाहणे शहाणपणाचे. भाऊबंदकी तुमच्या शत्रूंनाही तितकीच लागू आहे, आणि फुटलेले लेन्स्टर अखंड लेन्स्टरच्या निम्म्या मेहनतीत मिळते.

जिंकल्यावर त्या सत्ताधीशाशी पाच वर्षांचा तह लागू होतो. म्हणून शत्रूंची रांग लावा: पहिल्याशी तह चालू असताना दुसरा, मग तिसरा, तोपर्यंत पहिला पुन्हा मोकळा. धर्मगुरूचा हक्क या रांगेच्या एक पाऊल पुढे असावा. तह असताना युद्ध पुकारता येते, पण प्रतिष्ठेचा मोठा फटका बसतो आणि इतरांच्या नजरेतून तुम्ही उतरता.

फौज: थोडी, पण नेमकी

सुरुवातीचे सोने कशावर खर्च करावे याबद्दल आमचे मत ठाम आहे: आधी एक मेन-अ‍ॅट-आर्म्सची (कायमच्या कसलेल्या शिपायांची) तुकडी, मग बचत. इमारत नंतर. कारण साधा हिशेब. एखादी इमारत १५० सोन्याची असेल आणि महिन्याला ०.५ देत असेल, तर ती ३०० महिन्यांनी, म्हणजे २५ वर्षांनी खर्च भरून काढते. तेवढ्यात राजा मेलेलाही असेल. त्याच पैशातली तुकडी पुढच्या वर्षी एक काउंटी मिळवून देते. प्रत्येक बांधकामाआधी किंमत भागिले मासिक वाढ हा भागाकार करा. उत्तर राजाच्या उरलेल्या आयुष्यापेक्षा मोठे आले तर या पिढीत ती इमारत नको.

कोणती तुकडी? शेजाऱ्याकडे काय आहे ते बघून ठरवा. हलके पायदळ जड पायदळाला मारक, धनुर्धारी हलक्या पायदळाला मारक, हलके घोडदळ धनुर्धाऱ्यांना, भालेकरी घोडदळाला आणि जड पायदळ भालेकऱ्यांना. लेव्हीच्या शिपायाचे हल्ला आणि टिकाव दोन्ही १०, तर चिलखती पायदळाचे ३२ आणि २२. म्हणून उपलब्ध असेल तिथे एक चिलखती तुकडी कधीच वाया जात नाही. दुसरी तुकडी वेढ्याच्या यंत्रांची घ्या. ती लढाईत जवळजवळ निरुपयोगी असते, पण किल्ला पडण्याचे महिने कमी करते, आणि फौज उभी असलेला प्रत्येक महिना पैसे खातो.

फौज उभारताना एकत्र येण्याचे ठिकाण शत्रूच्या सीमेवर हलवा. नाहीतर चालण्यातच महिना जातो. सेनापतीचे मार्शल कौशल्य आणि भूप्रदेशाचे गुण पाहून निवड करा. नदी ओलांडून हल्ला करू नका, आणि गलबतांतून उतरल्या उतरल्या तर मुळीच नाही. उतरलेल्या फौजेला काही काळ मोठा तोटा असतो, तो संपेपर्यंत लढाई टाळा. तुमची फौज मोठी असताना शत्रू पळत असेल तर पाठलाग करू नका. सरळ त्याच्या राजधानीला वेढा घाला. किल्ला पडताना शत्रूचा राजा स्वतः हाती लागला तर युद्धाचे गुण एकदम १०० होतात. त्याचे नातेवाईक सापडले तर खंडणी घेऊन सोडा. ५०० सोन्याची तिजोरी भरायला पहिल्या वीस वर्षांत खंडणी करांइतकीच कामाला येते.

युद्ध संपले की त्याच क्षणी फौज मोडा. खेळ पुढे धावत असताना हे राहून जाते आणि दोन वर्षांची बचत चार महिन्यांत उडते. तिजोरी ऋण झाली तर फौजेचा आणि राज्याचा कणाच ढिला होतो. भाडोत्री फौज तीन वर्षांच्या कराराने मिळते. ती फक्त लेन्स्टरसारख्या एका निर्णायक युद्धासाठी घ्या, आणि करार सुरू करण्याआधी युद्ध जाहीर करायची सगळी तयारी झालेली असू द्या.

जिंकलेली काउंटी पचवणे

नवीन काउंटीत नियंत्रण कमी असते. नियंत्रण कमी म्हणजे कर कमी आणि शिपाईही कमी. मार्शलला तिथे नियंत्रण वाढवायला पाठवा आणि ते १०० झाल्यावरच हलवा. लोक हे सोडून देतात आणि मग ‘पाच काउंट्या आहेत पण उत्पन्न तेवढेच’ अशी तक्रार करतात.

डोमेन लिमिट ओलांडू नका. तुम्ही स्वतः किती काउंट्या धरू शकता ते स्टुअर्डशिपवर अवलंबून असते, आणि एक जरी जास्त धरली तरी सगळ्यांच्या उत्पन्नाला कात्री लागते. राजधानीच्या डचीतल्या काउंट्या स्वतःकडे ठेवा, बाहेरच्या वाटा. पण कोणाला? अ‍ॅम्बिशस (महत्त्वाकांक्षी) गुणाच्या माणसाला नको. कंटेंट (समाधानी) गुणाचा, आपल्याच धर्माचा आणि संस्कृतीचा माणूस हवा. आणि इथेच वाटणीची पहिली खरी तोड आहे: दूरची जिंकलेली काउंटी धाकट्या मुलाला तुमच्या हयातीतच द्या. ती त्याच्या वाट्यात धरली जाते, त्यामुळे मरणानंतर तो मन्स्टरच्या गाभ्यातली जमीन मागत नाही. थोरल्याला मात्र आत्ता काही देऊ नका. त्याला शेवटी सगळे मिळणारच आहे, आणि हातात जमीन आली की तो स्वतःच्या डोक्याने लग्ने आणि युद्धे करू लागतो.

राजाचा स्वभाव पाहून वागा. लोभी राजाने सोने वाटले की ताण वाढतो, दयाळू राजाने देहदंड दिला की वाढतो. ताणाचे टप्पे १००, २०० आणि ३०० वर आहेत. प्रत्येक टप्प्यावर मानसिक झटका येतो, व्यसने लागतात आणि आयुष्य घटते. शिकार आणि मेजवानी ही ताण उतरवण्याची आणि मांडलिकांचे मत सुधारण्याची साधने आहेत. युद्धानंतर तिजोरीत थोडे उरले असेल तर एक शिकार करावी. दीर्घायुष्य हेच या डावाचे चलन आहे.

मुकुट

आयर्लंडचे राज्य तयार करण्यासाठी त्याच्या मूळ हद्दीतल्या निम्म्याहून अधिक काउंट्या तुमच्या किंवा तुमच्या मांडलिकांच्या ताब्यात हव्यात आणि साधारण ५०० सोने हवे. नेमकी अट आणि किंमत त्या पदाच्या बटणावर माउस नेला की दिसते. अद्ययावत आवृत्त्यांत आकडे हलतात, म्हणून तिथलाच आकडा खरा माना.

निम्मा भाग पुरतो, पूर्ण बेट लागत नाही. हे फार महत्त्वाचे आहे. बरेच जण आधी सगळे आयर्लंड जिंकायचे आणि मग मुकुट, अशा क्रमाने जातात आणि मधेच राजा मरतो. क्रम उलटा ठेवा. निम्म्याचा टप्पा दिसू लागला की युद्धे थांबवून सोने साठवा. राजा पन्नाशीकडे झुकला असेल आणि तिजोरीत ३०० असतील, तर पुढचे युद्ध सोडा. आणखी एका काउंटीपेक्षा ते दोनशे सोने मोलाचे आहेत.

मुकुट मिळाला की उरलेले बेट स्वस्त होते. आता पूर्ण आयर्लंड तुमच्या मूळ हद्दीत येते, त्यामुळे कुठेही डी ज्युर युद्ध चालते आणि धर्मगुरू मोकळा होतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे मांडलिकत्वाचा प्रस्ताव. एकटे पडलेले, तुमच्याच संस्कृतीचे अर्ल चांगले मत असेल तर लढाईशिवाय येतात. आधी भेट पाठवा, स्वे चालवा, मग विचारा. नकाराची कारणे प्रस्तावाच्या खिडकीत आकड्यांनिशी दिसतात. कुठे कमी पडते ते बघून तेवढेच भरून काढा.

एकाच मांडलिकाला दोन डच्या देऊ नका, आणि स्वतःकडे दोनपेक्षा जास्त डच्या ठेवू नका. राजाकडे तिसरी डची आली की मांडलिकांचे मत घसरते.

आयरिश संस्कृतीला टॅनिस्ट्री ही निवडीची वारसापद्धतही वापरता येते. तीत मतदार घराण्यातला वारस निवडतात. मुख्य पद फुटण्याचा धोका त्यामुळे कमी होतो, पण मतदार बरेचदा तुमच्या मुलाऐवजी घराण्यातल्या दुसऱ्याच वयस्क माणसाकडे झुकतात, आणि बाकीच्या जमिनीची वाटणी टळत नाहीच. मतदारांवर सतत लक्ष ठेवायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

कॉन्फेडरेट पार्टिशनमधून सुटायचे तर संस्कृतीच्या शोधांकडे पाहावे लागते. हेरिडिटरी रूल या शोधाने साधे पार्टिशन खुले होते, ज्यात मरताना नवी पदे तयार होत नाहीत. हेराल्ड्रीने हाय पार्टिशन मिळते. थोरल्याला सगळे देणारा कायदा उत्तर मध्ययुगात येतो आणि ते युग १२०० च्या आधी सुरू होत नाही. म्हणजे पहिल्या दोन-तीन पिढ्या वाटणीशी जुळवून घेण्यातच जाणार. धाकट्याला धर्मसेवेत पाठवणे, घराण्याचे प्रमुख असाल तर घराण्याची कीर्ती खर्चून एखाद्याला बेदखल करणे, हेही मार्ग आहेत. स्वतःच्या मुलाचा खून मात्र टाळाच. उघड झाला तर किनस्लेयर (आप्तांचा मारेकरी) हा शिक्का घराण्याच्या नजरेत जन्मभर राहतो.

वारस घडवणे

तिसऱ्या वर्षी मुलाला बालपणाचा गुण मिळतो, सहाव्या वर्षी शिक्षण सुरू होते, सोळाव्या वर्षी संपते. गुणाशी जुळणारे शिक्षण दिले तर चांगल्या दर्जाची शक्यता वाढते. चार्मिंग मुलाला डिप्लोमसी किंवा इंट्रिग, बॉसीला मार्शल किंवा स्टुअर्डशिप, क्युरियसला डिप्लोमसी किंवा लर्निंग, पेन्सिव्हला स्टुअर्डशिप किंवा लर्निंग, राउडीला मार्शल किंवा इंट्रिग. पालक निवडताना त्याचे स्वभावगुणही पाहा, कारण ते मुलात उतरतात. एका पालकाकडे दोन मुले राहू शकतात. थोरल्याला शक्य तर स्वतःकडेच ठेवा. त्याचा स्वभाव घडताना येणारे निर्णय तुमच्या हाती राहतात.

राजा मेल्याच्या दिवशी

डाव थांबवा. नव्या राजाबद्दल मांडलिकांचे मत सुरुवातीला कमी असते. भावांना वाट्याबरोबर तुमच्या पदांवरचे हक्कही मिळालेले असतात, आणि एखादा गट त्यांपैकी कोणाला तरी पुढे करतो. गटाची लष्करी ताकद तुमच्या ८० टक्क्यांवर गेली की असंतोष वाढू लागतो आणि शेवटी मागणीचा निरोप येतो. तोपर्यंत त्या गटातला एक मोठा मांडलिक फोडायचा असतो. मुलीचे लग्न करून युती केली की तो मांडलिक गटातून बाहेर पडतो. हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. दुसरा म्हणजे मंडळात जागा, तिसरा भेट. त्यासाठी आधीच्या राजाने तिजोरीत दोनशे-तीनशे सोने मागे ठेवलेले हवे. तिजोरी आणि मेन-अ‍ॅट-आर्म्स थेट वारसाकडे येतात, त्यांची वाटणी होत नाही. म्हाताऱ्या राजाने शेवटच्या वर्षांत नवी युद्धे न काढता सोने का साठवावे, याचे कारण हेच.

भावाने बंड केले आणि हरला तर त्याला कैदेत ठेवून पद काढून घेता येते, पण त्यासाठी राजसत्तेचा कायदा किमान लिमिटेड पायरीवर हवा. मुकुट मिळाल्यावर पहिली साठलेली प्रतिष्ठा याच कायद्यावर खर्च करा.

मग पूर्वेकडे बघा. इतिहासात आयर्लंडवर नॉर्मन संकट आले ते एका पदच्युत लेन्स्टरच्या राजाने मदत मागितल्यामुळे, आणि ११७१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री स्वतः वॉटरफर्डजवळ उतरला. खेळात असा ठराविक दिवस नाही, पण इंग्लंड स्थिरावले की वेल्स आणि आयर्लंडमधल्या सुट्या अर्लांकडे त्याची नजर वळते. अखंड आयर्लंड आणि स्कॉटलंडशी सोयरीक एवढ्यावर बहुतेक वेळा ते थांबते. न थांबल्यास समुद्रकिनाऱ्यावर उतरलेल्या फौजेवर पहिल्याच दिवसांत तुटून पडा. तोट्यात असलेला शत्रू पुन्हा मिळत नाही.

आयर्लंड हाताखालून गेले की याच १०६६ मध्ये नकाशा दख्खनकडे सरकवून बघावा. कल्याणीच्या चालुक्यांचा काळ तिथे चालू आहे. पहिला सोमेश्वर १०६८ मध्ये गेला, त्याचा थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर गादीवर आला आणि १०७६ मध्ये धाकटा भाऊ विक्रमादित्य याने त्याला बाजूला सारून गादी घेतली. इथे मुकुट पहिल्या दिवसापासून असतो, त्यामुळे वरचा क्रम बदलतो. आधी वारसाची खिडकी उघडून भावांचे वाटे पाहा, त्यांना दूरची जमीन देऊन टाका, बलवान मांडलिकांना मंडळात घ्या, आणि मगच दक्षिणेला चोळांच्या सीमेकडे बघा.